नकाराचा रकाना

ग्रिम्सबीत सकाळी पावणेसातला अंधार असतो,
गोदीकडून वारा येतो, मासळी आणि डिझेलचा.
मी गणवेशाला बिल्ला लावते: कुंदा.
इथे सगळे मला कुंडा म्हणतात.
दुरुस्त करायचं मी मार्चमध्येच सोडलं.
कुंडा तर कुंडा, पाणी तरी मावतं.

सीनियर व्हायचं तर आठ महिने शिकायचं.
पहिल्या आठवड्यात त्यांनी मलाच झोळीत घातलं,
यंत्रानं उचललं जमिनीपासून हातभर,
आणि सिथेम्बिले फोनवर कुणाशी तरी बोलत राहिली,
मुद्दाम.
पाय लोंबत होते. एक चप्पल पडली.
कुणी उचलली नाही.
"आता कळलं?" ती म्हणाली.
कळलं.

मग एकमेकींना दही भरवायचं, डोळे बांधून.
समोरचीनं चमचा दातांवर आपटला
आणि मला रडू आलं रागानं,
त्रेचाळीस वर्षांच्या बाईला.

आता औषधांची गाडी.
योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा,
योग्य वेळ, योग्य मार्ग.
ही पाच मी बे एके बेच्या चालीत घोकते, बसस्टॉपवर.
सहाव्याला अडखळते:
नको म्हणायचा हक्क.

विनिफ्रेड कोलबेक, वय एक्क्याण्णव, खोली सोळा.
तरुणपणी ट्रॉलरची जाळी विणायची.
अजून तिची बोटं ब्लँकेटच्या झालरीला गाठी मारतात,
एकसारख्या, मासा निसटू नये अशा.
मी एक गुडघा टेकते,
डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला यावेत म्हणून.
नाव सांगते. गोळी कशाची ते सांगते.
ती गोळीकडे बघते, माझ्याकडे बघते
आणि ओठ मिटते.

हे ओठ माझ्या ओळखीचे.

बार्शीला दादा असेच मिटायचे.
मी शिकरणीत घालायची, दोन चमच्यांमध्ये चुरडून,
वर वेलदोड्याची पूड, कडू लपावं म्हणून.
आई म्हणायची, पोरीच्या हाताला गुण आहे.
शेजारी म्हणायचे, करावं तर कुंदानं.
सव्वा वर्ष.
एका दुपारी त्यांच्या जिभेवर कण आला.
तो त्यांनी बोटावर घेतला, चष्मा लावून पाहिला,
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस,
एखादा बारीक स्क्रू पाहावा तसा,
आणि वाटीच्या काठाला पुसून टाकला.
बोलले काही नाहीत.
शिकरण पुन्हा खाल्ली नाही.
माझ्या हातचं पाणीसुद्धा आधी उजेडात धरायचे.

"कुंडा," सिथेम्बिले हळूच म्हणते.
अजून बावीस माणसं राहिलीत.
गाडीच्या खालच्या कप्प्यात जॅम आहे, दही आहे,
केळंही आहे, चांगलं पिकलेलं.
हात तिकडे जातो.
मी तो खिशात घालते.

नंतर येऊ का, विचारते.
वीस मिनिटांनी येते. तेच ओठ.
मग ती म्हणते, "आज नको गं, पोरी,"
जणू मी दारावर भाजी घेऊन आलेय.

आठ बेचाळीस. रकान्यात 'आर' लिहिते.
मागच्या पानावर कारण. सही.
गोळी पाकिटात, पाकिटावर तिचं नाव.
मग डॉक्टरांना फोन,
कारण नकार नुसता लिहून भागत नाही,
तो कुणाला तरी ऐकवावा लागतो.

सिथेम्बिले माझ्या वहीत तिसरी सही करते.
पुढच्या महिन्यापासून तासाला नव्वद पेन्स जास्त.
"हात खिशात का घातलास?"
थंडी, मी म्हणते.
"हीटर फुल्ल आहे," ती म्हणते आणि पुढचं विचारत नाही.
बुलावायोत तिचंही कुणी असेल.

सोळाची घंटा वाजते.
गोळी नाही, विनिफ्रेडला पडदा हवाय, उघडा.
नाही, अर्धा.
नाही, होता तसाच.
मी ओढते. सोडते.
ओढते.