जावयाचं नाक

बाक निन्ह, तीन नंबरचं गेट, पहाटेचे सव्वापाच.
सूउमावशीच्या गाड्यावर खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया
आणि त्वानच्या हातात बातमी.

बातमी आमच्याबद्दलच आहे.
दूर कुठेतरी कुणीतरी म्हणालंय
की नव्या फोनला चेहरा धड ओळखता येणार नाही,
कारण कारखान्यांना भाग जमत नव्हते
म्हणून कंपनीने माप सैल केलं.
कारखाने म्हणजे आम्ही.
जमत नव्हते म्हणजे लुआ, न्यान, मी
आणि काचेच्या खोलीतली एकवीस टेबलं.

"साफ खोटं," न्यान म्हणते, तोंडात शेवया.
"परवा माझ्या टेबलावरचे शंभरातले चाळीस परत गेले.
सैल असतं तर गेले असते?"
"परवा," त्वान म्हणतो. "आणि काल?"
न्यान लिंबू पिळत राहते.
काल नऊ.

नऊच का, यावर गाडाभर मतं.
लुआ म्हणते, हात बसला;
दीड महिन्यात कुणाचाही बसतो,
तिच्या आईचा भातलावणीत बसला तसा.
त्वान म्हणतो, हात नाही, आकडा बसला.
भिंतीवरच्या कागदावर आठ होतं तिथे आता बारा आहे,
कुणी बघितलं नाही?
बघितलं होतं. मीही.
मला वाटलं...
खरं तर काहीच वाटलं नव्हतं,
रात्री अडीचला आकड्याबद्दल काय वाटणार.

माझं काम असं:
प्लास्टरच्या एका डोक्यासमोर भिंग धरायचं.
डोक्याला आम्ही जावई म्हणतो,
तो काडी हलवत नाही आणि सगळ्यांनी त्याच्याकडेच बघायचं.
भिंगातून उजेडाचे ठिपके त्याच्या तोंडावर पडतात,
नुसत्या डोळ्यांना न दिसणारे;
पडद्यावर मात्र कपाळ, गाल, नाकाची दांडी,
सगळीकडे गोंदण.
एखादा ठिपका भरकटून कानाकडे गेला
की लाल दिवा.
हल्ली कानाच्या पाळीपर्यंत चालतं.

हे मी गाड्यावर बोलले नाही.

सूउमावशीचा फोन अजून बटणांचा.
ती विचारते, "म्हणजे चोराला उघडेल?"
"नाही गं, चोराला नाही."
"मग मालकाला नाही उघडणार?"
"कधीमधी. परत एकदा बघावं लागेल."
"एवढंच होय! माझा नवरा गेली एकवीस वर्षं
परत एकदा बघूनच ओळखतोय."
त्वानसुद्धा हसला, मग हसल्याचा त्याला राग आला.
म्हणाला, चाळीसचे नऊ झाले
तेव्हा आपला पगार किती सैल झाला ते सांगा.
कुणी सांगितलं नाही.

पैसे द्यायला लुआने फोन तोंडासमोर धरला.
उघडला नाही.
गालांवर मास्कचे वळ, कपाळावर टोपीचा,
डोळे रात्रभराचे.
तिने तोंड पुसलं, केस मागे घेतले,
फोटोला बसतात तशी ताठ बसली.
नाही.
"बघा!" त्वान ओरडला.
"गप रे. हा आपला कुठला, हा स्वस्तातला,"
म्हणत तिने सहा आकडे दाबले.
आपला आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

बस आली. जागा धरता धरता न्यान कानात म्हणाली,
सोमवारी जावयाला नवं नाक येतंय,
जरा चपटं,
म्हणजे ठिपके चुकणारच नाहीत.
म्हटलं, अफवा असेल.
म्हणाली, असेल.
पण खोका मी बघितलाय.