तिवई

लोंढ्याला स्टेशनामागच्या वखारीत
चर्चची नऊ बाकं दुरुस्तीला आली होती.
बस्त्याव मेस्त रंदा मारायचा, दादापीर पॉलिश.
शाळा सुटली की मी जायची,
माझ्या तिवईचा एक पाय ढिला होता म्हणून,
आणि खोटं कशाला बोलू, भांडण ऐकायला.

त्या वर्षी रोजे आणि चाळीस दिवसांचा उपास
एकाच महिन्यात येऊन पडले.
दोघंही भुकेले. दोघंही चिडके.

"तीन म्हणजे तीन," दादापीर म्हणाला.
"तीन फळ्या देऊन बिल एकीचं लावतोस काय कधी?"
बस्त्यावनं माझी तिवई उलटी केली.
"पाय किती? तीन. तिवई किती? एक.
चार पायांचं डुगडुगतं खडबडीत भुईवर,
हिचं कधी बघितलास?"
"होय की. खरं, यातला एक पाय काढून दे बाईंना
नि सांग, ही घ्या तुमची अख्खी तिवई."

बस्त्याव गप्प.
रंद्यातनं एक सालपट निघालं
वळत वळत,
संपेचना.

ईराप्पा चौकटीचं माप द्यायला आलेला.
कन्नडमधनंच म्हणाला, गुरू, लिंग, जंगम,
आमच्यातही आहेत तीन, आम्ही मोजत बसलो नाही.
आणि आपली पट्टी तिथंच विसरून गेला.

मग मला राहवेना.
माझे बाबा बेळगावात कॅम्पातले, मेथडिस्ट प्रचारक.
त्यांच्या बायबलात, मार्कच्या तेराव्या अध्यायात
एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ:
ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही.
समासात प्रश्नचिन्ह, मुंगीएवढं,
कुणाला दिसू नये असं,
आणि खोडलेलंही नाही.
चाळीस वर्षं ते त्रैक्यावर बोलले,
त्या मुंगीवर कधीच नाही.
"देवाला ठाऊक नसलेलं काही असतं काय, बस्त्याव?"

"थोमा त्याला म्हणाला, माझ्या प्रभू, माझ्या देवा.
त्यानं गप ऐकून घेतलं. नको म्हटलं नाही."

"तो भाकरी खायचा," दादापीर म्हणाला,
पहाटेपासनं पाण्याचा थेंब नसलेल्या तोंडानं.
"आई नि लेक, दोघंही जेवायचे.
ज्याला भूक लागते तो देव कसा?"

बस्त्यावनं रंदा खाली ठेवला.
बाकावर हात फिरवत राहिला,
जिथं कुणी पोरानं खिळ्यानं नाव कोरलं होतं तिथं.
"आमचा आग्नेल गेला," तो म्हणाला,
"तेव्हा पाद्री सांगत होता, देवानंही आपला पुत्र दिला.
मी म्हटलं, दिला म्हणजे काय?
दुसऱ्याला खाली धाडायचं नि आपण वर बसायचं?
असला देव मला नको.
खिळ्यावर तो स्वतः होता असं असेल
तरच मी या बाकावर बसणार.
मला गणित येत नाही, दादापीर. एवढंच येतं."

दादापीरचा बोळा थांबला.
स्पिरिटचा वास, आणि यार्डातल्या मालगाडीचे
एकामागून एक बसणारे झटके.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"आमच्यात त्याला खिळे लागलेच नाहीत रे.
वर उचलून घेतलं.
एवढ्या चांगल्या पोराला मारू दिलं असेल
हे माझ्यानं मानवत नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.
मी माझ्या चपलांकडं बघत होते, भुश्यानं भरलेल्या.

बांग झाली. बस्त्यावनं तांब्या पुढं केला.
दादापीर घटाघटा प्यायला, खजूर शोधू लागला.
"भूक लागली?" बस्त्याव म्हणाला.
"मग तू देव नव्हेस. आज एवढं तरी ठरलं."

तिवईला पाचर मारून झाली, पैसे घेतले नाहीत.
मी वखारीच्या फाटकापर्यंत आले असेन नसेन,
तोंडात खजूर ठेवूनच दादापीर ओरडला,
"बाई, चौथा पाय लावून देऊ काय?"
आणि मागं
बस्त्यावनं काहीतरी फेकून मारल्याचा आवाज.