खिजगणती

आई दगड आधी हातात तोलायची,
मग फोडायची, मग थुंकी लावून पुसायची
आणि एवढंच म्हणायची: हा खोटारडा.

जस्ताचं खनिज. काळं, चकचकीत,
शिसं असल्याचा आव आणणारं.
विला कोल्यूच्या खाणीत बायकांनी उतरायचं नाही,
बाई आली की शीर रुसते म्हणे.
त्या बाहेर, फेकलेल्या मालाच्या टेकाडावर,
उरलंसुरलं वेचायच्या.
हातोडी, बोलर टोपी, गालात कोकाची पानं,
आणि पाठीवर विणलेल्या कापडात बांधलेली मी.

आता माझ्याकडे लेझर आहे.
ओरुरोला, दुसऱ्या मजल्यावर, वीज गेली नाही तर,
त्याच दगडात केसाच्या निम्म्या जाडीचा खड्डा पाडते.
उडालेली भुकटी यंत्र हुंगतं
आणि पडद्यावर आकडे उतरतात:
लोह भरपूर. इंडियम दशलक्षात दोन हजार.
जर्मेनियम नसल्यातच जमा.

याचा अर्थ काय, आईनं विचारलं,
गोठलेले बटाटे अनवाणी तुडवत.
म्हटलं, पाणी तापलेलं होतं, खारट होतं,
खाली निवत चाललेल्या शिलारसाकडून वर आलेलं,
वाटेत कथलाला भेटून.
गार पाण्यातलं जस्त असतं
तर जर्मेनियम उचलून आणलं असतं त्यानं.
स्फटिकाला हवं असतं फक्त जस्त.
बाकीचे आगंतुक.
पण जागा दिसली, माप जुळलं, की शिरतात,
आणि दार बंद होतं.
पाणी जातं. ऊब जाते. डोंगराचा माथा झिजतो.
खिजगणतीत नव्हते
तेच मागे राहतात साक्षीला.

ती म्हणाली, आणि या तुझ्या इंडियमचे पैसे?
व्यापारी जस्ताचे देतो,
चांदी असली तर थोडे वर, कुरकुरत.
इंडियम निघतं कुठल्याशा बंदराच्या भट्टीत,
दुसऱ्याच्या खात्यावर.
तुझ्या फोनच्या काचेत असतं ते, म्हटलं.
तिनं फोन उचलून पालथा ठेवला
आणि पुन्हा बटाट्यांवर उभी राहिली.

त्याच रात्री तिनं काड्यापेटी दिली. आत माझी दुधाची दाढ.
बघ हिच्यात काय निघतंय, म्हणाली. चेष्टेत, बहुतेक.

दातही थराथरानंच वाढतो.
मध्ये एक बारीक रेघ असते: जन्म.
अलीकडे पोटातले महिने, पलीकडे पाठीवरचे.
शनिवारी यंत्र मोकळं होतं, मी खड्ड्यांची ओळ पाडली.
कॅल्शियम. कॅल्शियम. कॅल्शियम.
आणि त्याच्या घरात, माप जुळलं म्हणून, शिसं.
रेघेपलीकडे सापडेल हे ठाऊक होतं.
धूळ, वारा, तिचे हात.
रेघेअलीकडेही होतं.
म्हणजे तिच्या हाडांतून.
मी खिडकी उघडली, बंद केली,
प्रमाण-नमुना पुन्हा लावून पाहिला.
यंत्राची चूक नव्हती.

पण मला अडलं ते भलतंच:
पाचव्या महिन्याच्या सुमारास आलेख खाली येतो,
बराच खाली, आणि काही काळ तिथेच राहतो.
मग परत चढतो.

कागद घेऊन गेले. बोट ठेवलं.
इथे काय झालं होतं?

सातुर्निना चोके, माझी आई,
जी बाजारभावावरून तासभर भांडू शकते,
कितीतरी वेळ हातोडीचा दांडा पुसत राहिली.
मग म्हणाली, पळाले होते.
तुला घेऊन. खाली, कोचाबांबाकडे, मक्याच्या शेतावर.
परत यायचं नाही म्हणून.
अकरा आठवडे.
तुझ्या बापालाही वाटलं, बहिणीकडे गेलेय.

का परतलीस, हे मी विचारलं नाही.
ते कुठल्याच थरात नव्हतं.

तिनं खड्डे पडलेली दाढ
तळहातावर घेऊन तोलली,
थुंकी लावून पुसली,
उजेडात धरली.
काही म्हणाली नाही.