एक्केचाळीस वगळून

निवतीला सोसायटीचं ऑफिस बर्फाच्या कारखान्यावर,
जमीन दिवसभर थरथरते,
चहाच्या कपात बारीक वर्तुळं.
गिरपांनी मला आठ दिवस दिलेत:
जुना जँगो काढून नवा घालायचा,
बंदी उठायच्या आत.

एक पूर्णांक अकरावरून चार पूर्णांक दोनवर
उडी मारता येत नाही.
ओहोटीला खडकांवरून जातात तसं,
पुढचा दगड पायाला लागल्याशिवाय
मागचा सोडायचा नाही.

सगळं दिगंबर कुबलनं लिहिलेलं.
तो आता मस्कतला, कुठल्याशा हॉटेलच्या हिशेबात.
व्हेरिएबलांना त्यानं माशांची नावं दिलीत:
तात्पुरत्याला तारली, कायमच्याला सुरमई,
आणि जिथं त्याचं त्यालाच उमगलं नव्हतं तिथं
खेकडो.

अॅडमिनच्या यादीवर चार कृती होत्या.
निवडलेल्या नौकांना डिझेल द्या.
निवडलेल्या नौकांचं लायसन छापा.
निवडलेल्या नौका बंद करा.
निवडलेल्या नौका उघडा.

कृतीचं नाव पूर्वी फंक्शनच्या खाली लिहीत,
शेपटाला बांधल्यासारखं.
आता वर लिहायचं, नाळेवर रंगवतात तसं,
आणि कुणाला दाबायची मुभा
तेही तिथंच.
पूर्वी आत आलेला कुणीही दाबायचा.
युनिकोडचे जुने यू मी खरवडून काढले,
होडीच्या बुडाची कालवं काढावीत तसे,
दोन दिवस गेले त्यात.

'उघडा' सोपी होती. सहा ओळी.
जे बंद, ते चालू.
फक्त तिसऱ्या ओळीत: एक्केचाळीस वगळून.
शेजारी टिप्पणी, हिका उघडू नको.
ना तारीख, ना कारण.

नोंदीचा आकडा असा कोडात ठोकणं
चांगल्या वळणाचं नव्हे.
मी ओळ पुसली, टेस्ट चालवली,
छप्पन्नच्या छप्पन्न नौका उघडल्या.
हिरवं.
खाली गिरप बर्फाच्या लाद्या मोजत होते.
मी खिडकीतून ओरडून विचारलं,
एक्केचाळीस कुठली हो?

मोजणी थांबली.
जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला.

'जलवंती. दिगूच्या भावाची.
एक ऑगस्टाक सरकारान बंदी उठवल्यान.
नारळी पुनवेक अकरा दिस होते,
दर्यात नारळ पडाक नाय, सगळे थांबलेले.
ह्यो म्हणालो, कंप्युटरात उघडी दिसता.'
मग टेबलावरचा माझा पेन
उगीच सरळ करून ठेवत,
'बटण दिगूनच दाबल्यान.'

मी स्क्रीनकडे पाहिलं.
वरच्या चौकोनात एक खूण,
की खालच्या सगळ्या ओळी आपोआप निवडल्या जातात.
मीही तसंच करते. कुणीही तसंच करतं.

मग नोंद रद्द का नाही केली?

'दिगूची वयनी येता दर जूनात.
वर्गणी भरता. नाव बगता.
बंद असा मां, म्हणता,
आणि जाता.'

नीट करायचं तर तिसरी स्थिती हवी,
बंद नाही, चालू नाही,
आणि तिला शब्द हवा
जो रकान्यात दिसेल, जूनमध्ये, त्या बाईला.
मी शब्द टाइप केला. खोडला.
दुसरा टाइप केला. तो जास्त वाईट होता.

शेवटी ओळ परत घातली, नव्या व्याकरणात.
टिप्पणीचं अक्षर बदललं नाही.
'उघडा'वर फक्त गिरपांचा हक्क ठेवला;
आधी एक पान येईल, नावं एकेक वाचायला लावणारं.
टेस्टमध्ये लिहिलं, अपेक्षित: पंचावन्न.

'झाला?' गिरप म्हणाले.
झालं.
'मगे मी जातंय. बर्फ इरघाळता.'