दीड इंच फोम

अल ऐनमध्ये, मॉलच्या तळमजल्यावर बर्फ आहे.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. आत मी माकडटोपी घालून
मांडीवर जर्सी घेऊन बसतो.
विट्याला फोन करून सांगतो, थंडी वाजते.
बायको म्हणते, उन्हानं डोकं फिरलं तुमचं.

चोवीस वर्षं इथं शिलाई. आधी कंदुरे,
मग शाळांचे गणवेश, आता हॉकी संघाची डागडुजी:
फाटलेलं कोपर, उसवलेली बगल,
पाठीवरची नावं.

बचावाला खेळणाऱ्यांची मापं मला पाठ आहेत.
यारोस्लाव: छाती पन्नास, बाही सदतीस,
खांदा मोजायला मला स्टुलावर चढावं लागतं.
पाठीवर आडनाव शिवून वर जागा उरते,
आख्खा पत्ता मावेल, पिनकोडसकट.
तो गोलासमोर नुसता उभा राहतो
आणि बाकीच्यांना वळसा पडतो.
हात लांब, काठी लांब.
चकती जिथं जाणार, तिथं तो आधीच थोडासा असतो.
मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणणाऱ्यांनी
एकदा त्याच्या आणि फळीच्या मध्ये सापडून बघावं.

हमदान नेयादी पाच फूट साडेसहा. छाती छत्तीस.
नाव शिवलं तर शेवटचं अक्षर बगलेत गेलं.
तोही बचावालाच खेळतो.

एका रात्री मी शटर ओढताना आला.
पोलंडहून माणूस येतोय, म्हणाला,
खेळायचे पैसे देणाऱ्या क्लबचा.
त्याच्या वहीत आधी उंची, मग वजन, मग नाव.
काका (हा शब्द मीच शिकवलेला),
खांद्यात काही भरता येईल?

मला हसू आलं नाही.
मी डावा कोपरा होतो, पंचावन्न किलो गटात.
कबड्डीच्या आदल्या रात्री उपाशी झोपायचो,
पहाटे घोंगडी पांघरून धावायचो, घाम निघावा म्हणून,
आणि काट्यावर चड्डीनिशी, श्वास सोडून.
आमची धडपड कमी भरायची होती.
काटा बदलला की लाज बदलते.

सोफ्याचा उरलेला फोम होता, दीड इंची.
आतून टाके घातले, बाहेर एकही दिसू दिला नाही.
आरशात पोरगा रुंद झाला.
जाताना दारातून तिरका गेला,
गरज नसताना.

पहिल्या सत्रात तो मोठा होता आणि उशिरा.
मान फोमला अडायची.
ज्या कोपऱ्यात तो चकतीच्या आधी पोचायचा
तिथं आता चकतीची पाठ दिसायची.
दोन गोल त्याच्याच बाजूनं.
वर पोलंडचा माणूस कॉफी ढवळत होता, बराच वेळ.

मधल्या सुट्टीत आला. ओठ निळे.
उसवा, म्हणाला.
अंगावरच?
अंगावरच.
मानेपासून दोन बोटांवर ब्लेड, आणि तो हलला नाही.

मग एक धिप्पाड गडी अंगावर आला.
हमदाननं त्याला धडक दिली नाही.
उलटा घसरत राहिला, कडेची वाट देत,
देत देत अरुंद करत,
शेवटी त्या गड्याला फळीनंच अडवलं.
मी टोपी काढली. हे मला येत होतं.
चढाईवाल्याला आपण ढकलायचं नाही,
रेषेकडं न्यायचं.

पुढच्याच मिनिटाला दुसऱ्यानं त्याला भिंतीवर आपटला.
तो आवाज अजून कानात आहे.
त्या आवाजाला कुठल्याही युक्तीचं उत्तर नव्हतं.

खेळ संपल्यावर पोलंडच्या माणसानं
त्याला बूट काढून भिंतीला उभं केलं
आणि टेप मागितली. माझी.
सेंटिमीटरची बाजू मला कधी लागत नाही,
ती अजून कोरी करकरीत आहे.
मोजे ओले, टाचा जमिनीला.
मी टेप किंचित ढिली धरली.
पाव इंच. शिंप्याला तेवढी मुभा असते.

त्यानं आकडा लिहिला, वही मिटली.
नाव लिहिलं का, ते मला दिसलं नाही.

फोम मी माझ्या स्टुलावर शिवून टाकलाय.
यारोस्लावचं माप घेताना बरं पडतं.