नऊपैकी

दुपारचे बारा, आणि हामरफेस्टच्या खिडकीत
पाटी पुसल्यावर उरतो तेवढा उजेड.
रिस्टेन घोट्यांवरच्या विणलेल्या पट्ट्या सोडते,
एक, मग दुसरी. घाई नाही.
मागे खुर्चीत तिची आई, एलेन-मारित,
मांडीवर दोघींचे कोट.

डावा खुबा. चार वर्षं झाली.
रेनडियरच्या शिंगांवर फास टाकताना कंबर वळते,
तिथे आतून टक्‌ होतं,
"दार नीट न लागल्यासारखं."
एक्स-रे मी तिला दाखवलाय:
उखळीचा सांधा, पण उखळच उथळ,
हाडाचा गोळा काठावर बसलेला,
उठू की नको अशा पाहुण्यासारखा.

हाडाचं ते कळलं. सर्जनला हवंय
हाड बांधून ठेवणाऱ्या दोरांचं.
म्हणून मी कोनमापक घेते, आकडे झिजलेला,
आणि तिला सांगते, हात टेबलावर ठेव.

करंगळी मागे. नव्वदच्या पार. एक.
दुसरीही जाते. दोन.
अंगठा मनगटाला टेकव.
टेकतो, विचारायच्या आत. दोन्ही.
कोपर सरळ कर म्हटलं तर
सरळच्या पुढे जाऊन थांबतं.
मी दहा अंश शोधत होते, सापडले चौदा.
गुडघे: उजवा मागे झुकतो,
डावा नाही. पुन्हा मोजते. नाहीच.

आता शेवटचं. गुडघे न वाकवता तळवे जमिनीवर.
ती निम्म्यात अडते, दातांतून श्वास घेते.
"पूर्वी?"
"पूर्वी!" म्हणून हसते ती.
वसतिगृहात एका चॉकलेटसाठी
पाय मानेमागे घालून दाखवायची,
दोन चॉकलेटं मिळाली तर
तसंच बसून पाढे म्हणायची.
फॉर्मवर पूर्वीसाठी चौकट नाही.
मी सात लिहिते, आणि समासात, बारीक: तेव्हा जास्त.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांचं कौतुक होतं.
ही वाकत राहिली, प्रत्येक वेळी थोडी जास्त,
आणि टाळ्या पडल्या.

"पण सैल कसली," ती म्हणते, "मी तर आखडलेय.
रोज सकाळी ताणून घेते, अर्धा तास."
इथे मी पेन्सिल खाली ठेवते.
कसं सांगू, रिस्टेन,
कुंपणाची दोरी ढिली झाली
की माणसांना रात्रभर उभं राहावं लागतं,
तुझे स्नायू तसे उभे आहेत,
एकमेकांचे हात धरून, वर्षानुवर्षं,
आणि तू रोज सकाळी जाऊन
त्यांचे हात सोडवतेस.

ती काही बोलत नाही. मांडीवर तळवा ठेवते,
तिथे कुणी झोपलेलं असावं तसा.

नऊ खुणा आहेत या यादीत.
बोटं, अंगठे, कोपरं, गुडघे, पाठ.
खुब्याला कुणी विचारलेलं नाही.
तो खोल बसलेला, मांसाखाली,
बाकीच्यांच्या साक्षीवर त्याचा निवाडा.

मग आई विचारते, इतका वेळ गप्प असलेली:
"गिएत्कामुळे का?
त्या पाळण्यात पाय सरळ गुंडाळून बांधायचो आम्ही.
माझ्या आईने मला बांधलं. मी हिला.
थंडी असायची."
मला उत्तराचा थोडा भाग येतो,
आणि तो या खोलीत बोलण्यासारखा नाही.
थंडी असायची हे मात्र खरं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळते
म्हणून हाताकडे बघते.
कोटाच्या घडीवर, नकळत,
तिचा अंगठा मागे मागे जाऊन
मनगटाला टेकलेला, घरी असल्यासारखा.
सत्तर वर्षं तो तिथे जात असणार.

"तुमचा हात बघू?"
ती तो कोटाखाली लपवते. मग काढते.
पुढे करते, पालथा,
निळ्या शिरांचा, मिठाने फुटलेला.

मी कोनमापक उचलते,
त्याआधीच रिस्टेन मोजते: एक.