सांधा

पुलाला ठरावीक अंतरावर सांधा सोडलेला असतो,
हे मला बोरस्त्यांच्या प्रणितीनं सांगितलं.
डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत नकाशाची गुंडाळी.
चहा नको म्हणाली, पाणी मात्र दोन तांबे प्यायली.
म्हटलं, बाई, सांध्याचं मला नको सांगूस.
सत्तावीस वर्षं तो माझ्या उशाशी वाजतोय.

धड्-धड् : मोटार.
धडाड्, जरा थांबून पुन्हा धडाड् : ट्रेलर.
पहाटे साडेतीनला निफाडकडून द्राक्षांच्या गाड्या,
त्यांचा आवाज मऊ, जपून चालवल्यासारखा,
झोपलेल्या पोराला खांद्यावरून घरात आणावं तसा.

दुसरा मजला. खिडकी उघडली की कठडा,
कठड्यापलीकडे नुसता वेग.
माणूस असा दिसला नाही कधी :
एखादं कोपर, एखादी काच, उडत्या ओढणीचं टोक.
रात्री दिवे छतावरून सरकत जायचे,
पंख्याच्या पात्यांना सावल्या फुटायच्या.
आमचे हे म्हणायचे, फुकटचा सिनेमा आहे, बघ.

खाली चौसष्ट नंबरच्या खांबाशी
मोबीन मणियारचं पंक्चरचं दुकान.
सगळं नाशिक भिजलं तरी हा कोरडा.
पूल पाडू का, असं त्याला कुणी विचारलं नाही.
मलाही नाही.
दोघांना एकाच दिवशी नोटीस आली :
त्याचं आडनाव चुकलेलं,
माझी, नवऱ्याच्या नावे. त्याला जाऊन नऊ वर्षं झालेली.

मग करवत आली. हिऱ्यांची तार असते म्हणे.
कापताना पाणी सोडतात;
राखाडी दूध गटाराच्या कडेनं काठे गल्लीकडे वाहत राहिलं.
क्रेननं एकेक तुकडा उचलला
आणि खांबांच्या माथ्यांवरून निघाल्या रबराच्या वड्या,
काळ्या, जाड, कडा फुटलेल्या.
सगळं ओझं म्हणे यांच्यावर होतं.
एक वडी प्रणितीनं वर आणून दाखवली :
"ह्या झिजल्या, मावशी. बदलता आल्या असत्या.
वेळेत कुणी बदलल्या नाहीत."
मी गुडघ्यावरून हात फिरवला.
डॉक्टरही जवळपास हेच म्हणाला होता.

शेवटचा तुकडा गेला त्या रात्री
डोळ्याला डोळा लागला नाही.
कान वाट बघत राहिले.
साडेतीन वाजले. काही आलं नाही.

सकाळी खिडकी उघडली तर समोर
एक इमारत. जुनीच, पोपटी रंगाची,
तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई, माझ्याच वयाची,
वाळत घातलेला टॉवेल तसाच हातात धरून
माझ्याकडे बघत होती.

आता जमिनीवरून रस्ता आहे.
जाळ्यांत कोंडलेली कडुलिंबाची रोपं,
त्यांतली तीन मेली, एकीला दुकानाची पाटी बांधलीय.
सिग्नलला रिक्षावाले शिव्या देतात,
पूल होता तेच बरं होतं, म्हणतात,
पाडायच्या आधी पुलालाच देत होते.
द्राक्षांच्या गाड्या बाहेरच्या बाहेर जातात.
मोबीन पाथर्डी फाट्याला गेला;
धंदा बरा आहे, ऊन फार, असं फोनवर सांगतो.

माणसांसाठी हिरवा दिवा बावीस सेकंद.
माझ्या गुडघ्याला पस्तीस लागतात.
प्रणिती म्हणाली, नोंद घेते.
तोवर मी दुभाजकापर्यंत पोचते आणि थांबते,
जिथं चौसष्ट नंबरचा खांब मुळाशी कापलाय.
डांबर ओतलंय, तरी गोल कळतो.
त्या गोलावर उभी राहते, पिशवी या हातातून त्या हातात.

काल पलीकडून ती ओरडून काहीतरी म्हणाली.
मध्ये बस, मध्ये हॉर्न.
तिनं हातानं कप तोंडाला लावून दाखवला.
मी गुडघ्याकडे बोट केलं.
तिनंही वाकून आपल्या गुडघ्याकडे केलं,
डाव्या.
माझा उजवा.

दिवा हिरवा झाला, आणि
मला आधी हसूच आवरेना.